नागपूरचा तळ

गुरुग्राम,
५ जानेवारी २०२६

ती. काकांना ममताचा रामराम.

परवा फोन केला तर याडीने उचलला. म्हणाली, तुझ्या काकाले आता कानात मशीन घालूनबी ऐकू येत नाही, मोबाईलवरची अक्षरं त्याले मुंग्यांसारखी दिसतात, तवा कागद लिही. म्हणून हा कागद. इथे ऑफिसात कोणी आईचं विचारलं की मी तिचंच सांगते. सख्खी आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, मला काकी सोडून दुसरी याडी आठवतच नाही. तिला सांगा, गुडघ्याचं तेल पाठवलंय, कपाटात ठेवून देऊ नको म्हणावं.

काका, आमची कंपनी बुडते आहे. पेपरात येतं ते अर्धंच. नीलपंखची शहाण्णव विमानं आहेत आणि त्यातली चौतीस जमिनीवर उभी आहेत. इंजिनं दुरुस्तीला गेली ती परत येत नाहीत. एक उडवायला दुसऱ्याचे भाग काढून लावायचं रोजचं झालंय. जी उडतात त्यातली निम्मी उशिरा उडतात. लोक विमानतळावर चार-चार तास बसतात, आमच्या पोरींना शिव्या घालतात आणि पुढच्या वेळी दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढतात. त्यातून ही विमानं आपली नाहीतच. परदेशातल्या मालकांकडून भाड्याने घेतलेली आहेत, आणि ते मालक आता म्हणतायत, आमची विमानं परत द्या. त्यांची आमच्याशी बैठक सत्तावीस फेब्रुवारीला आहे. तोवर आम्ही त्यांना पटेल असं काही दाखवलं नाही तर कंपनीला कुलूप.

नव्या अध्यक्षांनी सहा जण निवडलेत, काय ठेवायचं आणि काय सोडायचं ते ठरवायला. मार्ग आखणारी म्हणून त्यात मी. बाहेरून सल्लागारही आलेत. ते भिंतीवर रंगीत चौकोन काढतात आणि दुपारी चारला निघून जातात. काल असाच एक चौकोन बघत असताना मला तुमचे ट्रक आठवले. मी शाळेत होते तेव्हा तीनपैकी दोन बसले होते. सगळा तांडा म्हणत होता की सेवादास आता संपला. तरी तुम्ही वर आलात. कसे आलात? गंमत म्हणून विचारत नाही. अकरा हजार माणसं आहेत, तुमचा संजयदादा त्यातलाच एक.

झोप येत नाही हो काका. लवकर लिहा.

तुमची,
ममता

*

भवानी तांडा, पो. ढाणकी,
१६ जानेवारी

बेटी ममता,

जय सेवालाल. तुझा कागद पोचला. पोस्टमनच्या पिशवीत दोन दिवस बसून होता म्हणे, तोबी तुमच्या इमानासारखाच.

तू मले इमानाचं विचारून राह्यली अन् मी जनमभर इमान पाह्यलं ते खालून. पण गाडी ते गाडी. जमिनीवर चालो का आभायात. माझ्या दोन गाड्या बसल्या तवा मीबी तेच केलं जे तुमचे शहाणे करून राह्यले. बसलेलीचा गिअरबॉक्स काढला, चालतीले लावला. आठ दिवस मले लय हुशार वाटलं. मंग चालती बसली. तीन गाड्यांच्या जागी तीन सांगाडे अंगणात. तुझी याडी म्हणे, तुमच्यापेक्षा चोर बरा, तो निदान दुसऱ्याच्या गाडीचं काढते. मंग जी कवाच उठणार नव्हती ती आख्खी देऊन टाकली. माझी पहिली गाडी होती ती, तिच्यावर सेवाभायाचं नाव मी माह्या हातानं रंगवलं होतं. भंगारवाला घेऊन गेला तवा रडलो. पण त्या दिवसापासून डोकं थंड झालं. जे उभं आहे ते घरात ठेवू नोको, बेटी. त्याच्याकडं पाहू पाहू माणूस येडा होते.

भंगाराच्या पैशात दुरुस्त केलेल्या उरलेल्या दोन गाड्याईले मी हैदराबाद बंद केलं, औरंगाबाद बंद केलं. फक्त नांदेड अन् हिंगोली. लोक हसले, म्हणे नायक आता गल्लीत गाडी खेळते. हसू दिलं. पण ढाणकीच्या व्यापाऱ्याले सकाळी सहा सांगतलं तर सहाले गाडी त्याच्या दारात. पाच महिने असं केलं. मंग तेच व्यापारी घरी येऊन म्हणत, नायक, हैदराबादचा माल आहे, तूच ने. जेवढं टायमावर करता येते तेवढंच कबूल कर. बाकीच्याले हात जोड.

अजून एक सांगतो. माझा आजा लदेणीवर होता. बैलांच्या पाठीवर मीठ अन् धान्य लादून तो पार समुद्रापासून इकडं यायचा. पुढच्या वाटेले पाणी नसलं तर निघायच्या आधी नायक सगळ्याईले बसवे अन् सांगे, दोन मुक्काम पाणी नाही. बायापोरं सगळे ऐकत. लपवत नव्हता. ज्याच्या पाठीवर गोणी, त्याले वाट माहीत पाहिजे, असं आजा म्हणे. तुमच्या अध्यक्षाले हे सांग.

संजय संक्रांतीले आलता. तो म्हणते नागपूरले दोन इमानं उभी राहतात अन् सामान ओढायची गाडी एकच, म्हून उशीर होते. चौदा वर्षं सामान चढवून राह्यला, पण त्याले कोणी विचारलं नाही म्हणते. तू तरी विचार. त्याची प्रेरणा यंदा दहावीले आहे. पोरगी हुशार आहे, तुझ्यावर गेली.

याडीनं तेल लावलं. काही फरक नाही म्हणते, पण लावते.

तुझा काका,
सेवादास

*

गुरुग्राम,
३ फेब्रुवारी

ती. काका,

तुमचं पत्र मी अध्यक्षांना वाचून दाखवलं. तुमचं नाव सांगितलं नाही, वाहतूक धंद्यातले एक अनुभवी गृहस्थ आहेत म्हटलं. ते हसले नाहीत. भंगारवाल्याचं दोनदा वाचायला लावलं.

मग मी आराखडा मांडला. उभी असलेली सगळी विमानं मालकांना आपणहून परत द्यायची, ते मागायच्या आत. दोन जातीची विमानं आहेत, त्यातली एकच जात ठेवायची, म्हणजे भाग एक, मेकॅनिक एक, वैमानिकाचं शिक्षण एक. साठ विमानं उडवायची. चाळीस मार्ग बंद. जे उरतील त्यांवर वेळ पाळायची म्हणजे पाळायची. विमान उतरल्यापासून परत उडेपर्यंत आम्हाला सत्तर मिनिटं लागतात, ती चाळीसवर आणायची. दादाला मी फोन करून विचारलं होतं. त्याने तासभर सांगितलं. सामानाची दुसरी गाडी, शिडी कुठे उभी असावी, कोणाच्या शिफ्टची वेळ विमानाच्या वेळेशी जुळत नाही, सगळं. त्याचं सांगणं जसंच्या तसं आराखड्यात आहे. सल्लागारांनी त्याला इंग्रजी नाव दिलंय.

आता जे लिहिते ते नीट वाचा, आणि वाचून हे पत्र फाडून टाका.

साठ विमानांना रात्रीच्या मुक्कामाचे नऊ तळ परवडत नाहीत. पाच पुरतात. चार बंद करायचे आणि त्यात नागपूर आहे. आकडे मी तीन-तीन वेळा मांडून बघितले, दर वेळी नागपूर जातं. विमान तिथे येईल-जाईल, पण मुक्काम नाही, आणि सामान चढवायला दुसऱ्या कंपनीची माणसं असतील. आपली बावीस माणसं एकतीस मार्चला मोकळी. दादा त्या बावीसमध्ये आहे. काका, या कंपनीत जागा निघाली हे मला त्यानेच कळवलं होतं. आणि मी त्याच्याकडून तासभर शिकून घेतलं आणि त्याचंच नाव काढलं. त्याला सांगितलेलं नाही. सांगायची परवानगी नाही. मालकांची बैठक होईपर्यंत एक शब्द बाहेर गेला तर ते समजतील की कंपनी पळ काढते आहे, आणि सगळी विमानं एका दिवसात अडकवून ठेवतील. वैमानिक दुसरीकडे जातील. मग साठ नाही, एकही नाही.

मी दिवसभर साहेबांपुढे ठामपणे बोलते आणि घरी आले की दादाचा नंबर काढून बघत बसते. तुम्ही तीस वर्षं तांड्याचे नायक आहात, किती घरांची भांडणं मिटवलीत. काका म्हणून नाही, नायक म्हणून विचारते. मी काय करू?

ममता

*

भवानी तांडा,
१७ फेब्रुवारी

बेटी,

उशीर झाला लिहाले. कारण सांगतो, तुले पटीन.

तुझा कागद वाचला अन् मी दोन दिवस जेवलो नाही नीट. याडीले काही सांगतलं नाही. मले माहीत होतं उत्तर काय द्यायचं, पण मी देणार कसा? तू नायकाले विचारलं. अन् गोष्ट नायकाच्याच पोराची. आपल्यात नायक आपल्या घरचा निवाडा करत नाही, हे तुले मी सांगाले पाहिजे का? माह्या बापानंबी केला नाही, आज्यानंबी नाही. असं असलं तर नायक खाली बसते, बाकीच्याईसारखा, अन् गोष्ट नसाबच्या पंचाईपुढं ठेवते. मंग पंच जे म्हणतील ते.

सेवालाल जयंतीले सगळे गावाले आलेच होते. चौदा तारखेले सांजच्याले मंदिरापुढं नसाब बसवला. देवसिंग कारभारी माह्या जागेवर बसला, मी खाली सतरंजीवर. तुझा कागद मी वाचून दाखवला. सगळा वाचला. अर्धा वाचणं म्हणजे खोटं बोलणं. संजयबी होता, जयंतीले आलता. तू काळजी नोको करू, नसाबात बोललं ते तांड्याबाहेर जात नाही, असं आजवर कवाच झालं नाही.

पंचाईनं लय वेळ इचार केला. लालीबाई म्हणे, ज्या पोरीनं इतकं खरं लिहलं तिचं मन खोटं नाही. शेवटी देवसिंगनं माह्या कानापाशी ओरडून निवाडा सांगतला. ममताचं काम बरोबर आहे, शंभर बैल वाचवाले वीस सोडा लागतात. पण ज्याले सोडायचं त्याले तिनं सोता सांगाले पाहिजे होतं, अन् आधी. तिनं संजयची माफी मागावी. बस, एवढंच. दंड नाही काही.

मले लय हलकं वाटलं, बेटी. तुझ्या बाजूनं झाला निवाडा.

संजय काही बोलला असन तर मले ऐकू आलं नाही. जेवला नाही, त्याच वक्ती मोटारसायकल काढून नागपूरले गेला. दोन दिवसात थंडा होईन. तू त्याले फोन कर अन् माफी माग, म्हंजे झालं.

तुझा काका

*

गुरुग्राम,
२१ फेब्रुवारी

काका,

तुम्ही माझं पत्र चौकात वाचलंत. फाडून टाका लिहिलं होतं मी. फाडून टाका, एवढे साधे दोन शब्द होते.

तुम्हाला ऐकू आलं नाही, म्हणून तुम्हाला वाटलं की झालं नाही. दादाने पंधरा तारखेला त्याच्याबरोबरच्या एकवीस जणांना सांगितलं. त्यांनी युनियनला. सोळाला सकाळी नागपूरला एकाही विमानात सामान चढलं नाही. सतराला, तुम्ही मला निवाडा लिहीत होतात त्या दिवशी, ते सगळ्या चॅनलवर होतं. नीलपंख चार तळ बंद करणार. नऊच्या नऊ तळांवर माणसं कामाला यायची बंद झाली. तेरा विमानांच्या मालकांनी बैठकीची वाटसुद्धा पाहिली नाही, कोर्टात गेले, आणि ती तेरा आता जिथे उतरली तिथेच उभी आहेत. एका आठवड्यात बेचाळीस वैमानिकांनी राजीनामा दिला. आता सहा दिवसांत बैठक आहे आणि दाखवायला माझ्याकडे काही नाही.

चौकशी लागणार होती. लागू दिली नाही, मीच अध्यक्षांकडे गेले आणि सांगितलं की पत्र माझं होतं. ते म्हणाले, तुला काढायलाही आता वेळ नाही.

तुमच्या निवाड्याचं मी काय करू? शंभर बैल वाचवायला वीस सोडावे लागतात. आता शंभरही जातील. अकरा हजार घरं, काका. त्यात दादाचंही आहेच. त्याला एकतीस मार्चपर्यंत काम होतं, आता कोणालाच नसेल. कसले पंच आणि कसला नसाब, मले कायले जल्माले घातलं त्या तांड्यात.

मी दादाला सहा वेळा फोन केला. उचलत नाही. तुम्ही मला काही दिवस लिहू नका.

ममता

*

नागपूर,
६ मार्च

ममता,

लिहू नोको म्हटलं तरी लिहतो. एवढं वाच, मंग पुढं नोको वाचू.

चूक माही आहे. तुझा कागद आला त्या दिवशी मी चार वेळा वाचला. फाडून टाका हे चार वेळा वाचलं. मले वाटलं, हे शहरातल्या लोकाईसाठी आहे, नसाबसाठी नाही. तांड्याचं बोलणं तांड्यात राहते हे मी पोटच्या पोरावर बी धरून चाललो. त्याचीच भाकर चालली होती अन् मी त्याच्याच तोंडाले कुलूप लावून बसलो, असा मी येडा. मी नायकपण सोडलं. होळीच्या आधीच देवसिंगच्या हातात दिलं. आमच्याकडं यंदा होळीले लेंगी गायली नाही.

नागपूरले आलो, संजयच्या खोलीवर. पहिल्या दिवशी तो माह्यासमोर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी आला. मले ऐकू येत नाही म्हून प्रेरणाच्या वहीवर लिहून राह्यला. त्यानं जे लिहलं ते तसंच तुले लिहतो. "तिनं मले तासभर फोनवर विचारलं, मी सगळं सांगतलं. तवाच सांगती, दादा, तुझं नाव यात आहे, तर मी दुसऱ्याईले धरून ठेवलं असतं. चौकात लोकाईपुढं माहीत पडलं मले. माह्या बापाच्या तोंडून." एवढं लिहलं अन् पेन्सील ठेवून दिली.

मंग मी त्याच्या लोकाईकडं गेलो. बावीस जण, विमानतळाच्या बाहेरच्या चहाच्या टपरीवर बसतात दिवसभर. मी त्याईले सांगतलं की फूट माह्या तोंडून झाली, पोरीच्या नाही. अन् माह्या आज्याचं सांगतलं. काही हसले, एकदोन रागावले. राजदीप नावाचा एक आहे त्याच्यात, तोंडाचा लय तिखट. तो संजयकडून मले वहीत लिहून सांगते, "बुढ्या, तुझा नायक सोता पुढं येऊन सांगे ना? मंग तुमच्या पोरीले म्हणा, आमच्यापुढं येऊन सांग. साहेब नाही, वकील नाही, ती. मंग आम्ही पाहू सामान चढवायचं का नाही."

आता तुझी बैठक झाली का, कंपनी आहे का गेली, मले काही माहीत नाही. असली तर ये. मले काही मागायचा हक नाही, तरी सांगतो, ये.

सेवादास

*

गुरुग्राम,
३० मार्च

ती. काका,

मी त्या पत्रात जे लिहिलं ते मागे घेता येत नाही, पण मला ते रोज आठवतं. आणि चूक एकट्या तुमची नव्हती. नायकाला विचारलं म्हणजे नसाबला विचारलं, हे तांड्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मीच विसरले. मला फक्त कोणीतरी तू बरोबर आहेस म्हणायला हवं होतं, म्हणून मी तुम्हाला नायक म्हटलं.

सगळं क्रमाने सांगते. सत्तावीसच्या बैठकीत मालकांनी आम्हाला एक महिना दिला. दया म्हणून नव्हे, एवढी विमानं एकदम परत नेऊन ठेवायची कुठे हा त्यांचाच प्रश्न होता. अट एकच, महिनाभर विमानं वेळेवर उडवून दाखवा. माणसं कामावर नसताना. दहा दिवसांनी तुमचं पत्र आलं.

अध्यक्ष जा म्हणाले नाहीत, नको जाऊसही म्हणाले नाहीत. मी दहा मार्चला पहिल्या विमानाने नागपूरला गेले. तुम्ही आदल्या दिवशीच तांड्यावर परतला होतात. सामानाच्या शेडमध्ये बावीस जण उभे होते, दादा सगळ्यांत मागे. मी कागद नेला नव्हता. उभी किती, उडतात किती, मालक काय म्हणतात, नागपूर का जातं, सगळं सांगितलं. एकतीस मार्च ही तारीख बदलणार नाही, हेही सांगितलं. राजदीपने शिव्या घातल्या, त्या मी ऐकून घेतल्या. मग दादा पुढे आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "एवढंच सांग. आम्ही गेलो म्हंजे कंपनी वाचते, का आम्हीबी जातो अन् कंपनीबी जाते?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही, दादा. आपण सगळे राहिलो तर नक्की जाते, एवढंच माहीत आहे."

त्याने माझ्याकडे बघितलं नाही. हातमोजे घातले आणि सामानाच्या पट्ट्याकडे गेला. बाकीचे त्याच्या मागून गेले. काका, वीस दिवस नागपूरचं एकही विमान उशिरा सुटलं नाही. उतरल्यापासून उडेपर्यंत अडतीस मिनिटं. आमच्या नऊ तळांत सगळ्यांत चांगला आकडा, आणि तो जाणाऱ्या माणसांचा. मग मी बाकीच्या आठही तळांवर गेले आणि तसंच उभं राहून सांगितलं. तीन ठिकाणी मला हाकललं. पाच ठिकाणी माणसं कामावर आली.

परवा मालकांनी सही केली. साठ नाही, सत्तेचाळीस विमानं राहिली. मार्ग अजून कमी. पण कुलूप लागणार नाही. आठ हजार माणसं राहतील. ऑफिसात लोक रडत होते, मिठ्या मारत होते, मला कोणीतरी खांद्यावर उचलायला निघालं.

मग अध्यक्षांनी मला आत बोलावलं. नागपूरच्या माणसांना द्यायची पत्रं टेबलावर होती. म्हणाले, तुझ्या पत्राने हे फुटलं, तर ही तुझ्या सहीने जातील. तिथे सामान चढवणारी नवी कंपनी बावीसपैकी नऊ जणांना घेते आहे. चाळिशीच्या आतले. राजदीप त्यात आहे. दादा सेहेचाळीसचा आहे. मी विचारलं, त्याच्या एकट्यासाठी काही करता येईल का. ते म्हणाले, करता येईल, मग बाकीच्या बारांना तूच सांग. मी पत्रं उचलून बाहेर आले.

या वेळी आधी दादाला फोन केला. त्याने उचलला. मी सांगितलं. मागे विमानाचा आवाज होता, तो धावपट्टीजवळ असावा. म्हणाला, सही कर, माह्या पोरीच्या पेपरचे दिवस आहेत, आज घरी नको कळवू. आणि ठेवला. त्याचं पत्र मी सगळ्यांत आधी काढलं आणि त्याच्यावर पहिली सही केली. ते शेवटी ठेवलं असतं तर माझ्याने झालं नसतं. मग उरलेल्या एकवीस.

मला इथे थांबवत नाही. मे महिन्यात पंधरा दिवस रजा मिळते आहे, मी घरी येते. मला याडीजवळ झोपायचंय. दुसरं काही नको.

तुमची,
ममता

*

भवानी तांडा,
१२ एप्रिल

बेटी ममता,

तुझा कागद मी वावरात जाऊन वाचला. तीन वेळा वाचला.

संजय एक तारखेले आला. एक पेटी, एक पंखा अन् प्रेरणाच्या वह्या. शेवटच्या इमानाचं सामान त्यानंच चढवलं म्हणते, टायमावर गेलं. प्रेरणाचे पेपर झाले, ती अन् तिची माय पुढच्या आठवड्यात येतील. तो दिवसभर वावरात राहते. कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या, आता धुऱ्यावरचे दगड उचलून राह्यला. कोणी सांगतलं नाही, तरी उचलते. तुझ्याविषयी वाईट बोलत नाही. लोकाईनं काढलं तर म्हणते, तिनं मले सांगून केलं.

तू बरोबर केलं. मी अजून नायक असतो अन् गोष्ट दुसऱ्या घरची असती, तर हाच निवाडा दिला असता. पेपरात आलं की तुमची कंपनी उभी राह्यली. देवसिंगनं ते कात्रण मंदिरात लावलं. तांड्याची पोरगी म्हणते सगळे. मलेबी बरं वाटते, लपवत नाही.

याडीचं सांगतो. तिले सहीचंबी माहीत झालं. लालीबाईनं सांगतलं, मंग मीच पुरं सांगतलं. ती तवापासून तुझं नाव घेत नाही. काल मी विषय काढला. म्हटलं, पोरीनं सही केली नसती तर आठ हजार घरं गेली असती अन् संजयचंबी जातच होतं, तिच्या हातात काय होतं? ती भाकर थापून राह्यली होती. तोंडासमोर बसलो म्हंजे मले तिचं बोलणं समजते. म्हणाली, "समजते मले. मी काही येडी नाही. पण दोन्ही लेकरं मीच वाढवली, एका ताटात. आता समजून मी काय करू?" तिच्याशी जनमभर भांडलो, पण काल मी उठून तिच्या चुलीले लाकडं आणाले गेलो.

तू मे महिन्यात येतो म्हणते. मले तुझी लय आठवण येते, बेटी. या उमरीत अजून किती दिवस आहेत, कोणाले माहीत. तरी नोको येऊ. तू पेटी घेऊन अंगणात उभी राहशीन अन् ती तुले आत ये म्हणणार नाही. ते मले पाह्यचं नाही.

तुझा काका,
सेवादास